कमावत्या मुलांना किती पैसे द्यायचे, यावर फी भरून घेतलेला सल्ला: ५ पैकी साडेतीन स्टार

नोकरीला लागलेल्या मुलांना आईवडिलांनी किती पैसे द्यायचे आणि कुठे थांबायचं हे बसून ठरवून देणारी पण सर्व्हिस असते, हे मला माहीतच नव्हतं. फायनान्शियल प्लॅनर म्हणजे फंड नाहीतर पॉलिसी गळ्यात मारणारा माणूस असाच आमचा समज. ही सर्व्हिस म्हणजे पण प्लॅनरच, पण पॅकेज खास पालक आणि सज्ञान मुलं यांच्यासाठी, फी एकदाच आणि ठरलेली, आणि पैसे कुठे गुंतवा ते आम्ही सांगत नाही असं आधीच बजावतात (त्याचं पुढे काय झालं ते खाली लिहिलंय). नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तक्रारी पण लिहायच्यात, आणि तसंही अशा सर्व्हिसेस आता बऱ्याच निघाल्यात, तुम्ही कुठलीही घ्या, काय बघून घ्यायची ते कळलं तरी पुरे.

आमची केस साधी. मुलगी एकोणतीस, मुलगा सव्वीस, दोघंही कमावतात. मुलीच्या मास्टर्सला आम्ही मोठी रक्कम घातली, त्यानंतर तिने काही मागितलं नाही. मुलाचं अर्धं घरभाडं आम्ही देतो आणि आता त्याला घर घ्यायचंय, त्याचं डाउन पेमेंट आमच्या रिटायरमेंटच्या पैशातून काढायचं का, हा घरात वाद. ह्यांचं म्हणणं शेवटी सगळं त्यांचंच आहे ना मग आत्ता दिलं काय आणि नंतर दिलं काय. माझं म्हणणं, नंतर म्हणजे कधी? आपण नव्वदीपर्यंत जगलो तर?

तर आधी एक भलामोठा फॉर्म येतो. तो भरताना मला वाटलं फी यासाठीच घेत असतील, कारण खरं काम सगळं आपणच करतो. मुलांवर दर महिन्याला काय खर्च होतो ते लिहा, आणि आठवून नाही, मागच्या सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट समोर ठेवून लिहा. ह्यांनी सांगितलं फक्त भाडं देतो, बाकी काही नाही. स्टेटमेंट उघडल्यावर एकेक निघायला लागलं, मोबाइलचं फॅमिली पॅक, त्याच्या हेल्थ इन्शुरन्सचा हप्ता, गाडीचा इन्शुरन्स, ओटीटीची सगळी खाती आमच्याच कार्डावर, महिनाअखेरीला लागले म्हणून पाठवलेले, कार्डाचं बिल राहिलं म्हणून पाठवलेले, आणि दोन ट्रान्सफर अशा की त्या कशासाठी होत्या ते ना आम्हाला आठवेना ना त्याला. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय. सगळी बेरीज भाड्याच्या जवळपास दुप्पट निघाली, ह्यांनी ती परत स्वतः करून बघितली. मला विचाराल तर सर्व्हिस घेऊ नका पण हा एवढा भाग घरी नक्की करा, स्टेटमेंट समोर ठेवून, त्याला एक पैसा लागत नाही.

पहिलं सेशन फक्त आम्हा दोघांचं. प्लॅनर बाई वयाने आमच्या मुलीपेक्षा थोड्याच मोठ्या असतील, पण बोलायला एकदम स्पष्ट. आम्हाला वाटलेलं की त्या सांगतील पगाराच्या इतके टक्के द्या, संपला विषय. तसं काही नाही. मुलाचा पगार किती हे त्यांनी सगळ्यात शेवटी विचारलं, आधी सगळं आमचंच, वय, पेन्शन आहे का, घर कोणाच्या नावावर, आजारपणं, घरात कोण किती जगलं. मग म्हणाल्या, "मुलाला किती लागतात यावरून रक्कम ठरवली तर ती कधीच पुरणार नाही. तुमच्याकडे तुमचं भागून उरतात किती, तिथून सुरू करूया."

आणि मग आकडे. हा भाग खरंच चांगला होता. दर महिन्याला १०० दिले तर दहा वर्षांत दिलेले होतात १२,०००, हे कोणालाही कळतं. तेच १०० दर महिन्याला वर्षाला ८ टक्क्यांनी वाढत राहिले असते तर दहा वर्षांनी साधारण १८,३०० झाले असते, आणि नंतर एक पैसाही न घालता पुढच्या नऊ वर्षांत त्याचे दुप्पट. हे नऊ कुठून आले तर ७२ ला व्याजदराने भागायचं, ढोबळ हिशोब आहे पण चालतो. हाच हिशोब महागाईला लावला की घाम फुटतो, ६ टक्क्यांनी महागाई वाढत राहिली तर बारा वर्षांत खर्च दुप्पट, म्हणजे साठीला जेवढ्यात भागतंय त्याच्या चौपट चौऱ्याऐंशीला लागणार. तेव्हा ना पगार ना ओव्हरटाइम.

डाउन पेमेंटचं पण असंच. १९९४ साली विल्यम बेंगेन नावाच्या अमेरिकन प्लॅनरने जुन्या बाजाराच्या आकड्यांवरून काढलेलं की रिटायर झाल्यावर पहिल्या वर्षी जमा रकमेच्या ४ टक्के काढायचे, मग दर वर्षी महागाईएवढे वाढवत न्यायचे, तर पैसे तीस वर्षं पुरतात. म्हणजे उलटं धरलं तर वर्षाच्या खर्चाच्या पंचवीस पट हाताशी पाहिजे. हे गणित तिथल्या बाजाराचं आहे, जसंच्या तसं सगळीकडे लागू होत नाही, असं बाईंनी स्वतःच सांगितलं, पण दिशा कळायला बरं आहे. आम्ही जी रक्कम मुलाला द्यायचं म्हणत होतो ती आमच्या जमेच्या साधारण पाचवा हिस्सा होती. बाई म्हणाल्या, पाचवा हिस्सा दिलात की दर वर्षी खर्चाला काढता येणारे पैसे पण पाचव्या हिश्श्याने कमी, आणि हे एका वर्षापुरतं नाही, कायमचं. ह्यांच्या डोक्यात तोपर्यंत असं होतं की पडून असलेल्या ढिगातून थोडे उचलून द्यायचेत. हे एक वाक्य ऐकल्यावर ते जे गप्प झाले ते घरी येईपर्यंत.

आता ज्यासाठी मी मुख्य म्हणजे स्टार दिलेत ते. त्यांच्याकडे एक कागद आहे, साधाच, तीन रकाने. मुलाला द्यायची प्रत्येक रक्कम त्यातल्या एकाच रकान्यात घालायची, भेट, कर्ज किंवा हिश्श्यातले आगाऊ. चौथा रकाना नाही. बघतो, देईल जमेल तेव्हा, आपलाच आहे, असली उत्तरं चालत नाहीत. ऐकायला सोपं वाटतं पण आम्ही त्यावर अक्षरशः भांडलो, कारण डाउन पेमेंट ह्यांच्या मते भेट, माझ्या मते कर्ज, आणि मुलाला नंतर विचारलं तर तो तिसरंच समजून बसलेला, की ताईच्या शिक्षणाला दिले तेवढे आता मला, म्हणजे हिस्साच. तीन माणसं, एकच रक्कम, आणि तिघांच्या डोक्यात तीन वेगळे व्यवहार. पैसे देऊन झाल्यावर पाच वर्षांनी हे बाहेर आलं असतं तर काय झालं असतं ते बघायला लांब जायला नको, प्रत्येकाच्या नात्यात एक तरी असं घर असतंच.

भेट असेल तर विषय तिथेच संपला पाहिजे, म्हणजे नंतर तो फिरायला गेला की "आमच्या पैशावर" असं मनात सुद्धा आणायचं नाही, ते जमणार नसेल तर ती भेट नाही. कर्ज असेल तर कागद, रक्कम, हप्ता, कधीपासून, व्याज आहे की नाही, आणि हप्ता चुकला तर काय. हप्ता चुकला तर काय, या ओळीवर बहुतेक आईवडील पेन खाली ठेवतात असं बाई म्हणाल्या, आम्ही पण ठेवला. त्यांचं म्हणणं की जी रक्कम परत आली नाही तरी तुमचं दुखणंखुपणं, घरखर्च नीट चालेल तेवढीच कर्ज म्हणून द्या, कारण स्वतःच्या मुलामागे वसुलीला कोणी लागत नाही. आगाऊ हिस्सा असेल तर मृत्युपत्रात त्याची नोंद पाहिजे आणि दुसऱ्या मुलाला ते आत्ताच माहीत पाहिजे. मुलीला फोन करून सांगायचं ठरलं, आणि ते अवघड जाईल असं मला वाटलेलं, तर ती म्हणाली "आई, माझ्या मास्टर्सचं पण लिहा ना मग त्याच कागदावर, तेव्हापासून मला ते टोचतंय." आता हे ऐकून काय बोलणार.

जामीन राहणं पण याच कागदावर येतं. मुलाच्या होम लोनला को-बॉरोअर किंवा गॅरेंटर राहणं म्हणजे फक्त सही, पैसे कुठे जातायत, असं आम्ही धरून चाललेलो. बाईंनी ते कर्जाच्या रकान्यात लिहायला लावलं, पूर्ण रकमेसकट, कारण त्याने हप्ते थांबवले तर बँक आपल्या दारात येते आणि आपलं क्रेडिट रेकॉर्ड पण खराब होतं. साठीनंतर अशी सही करणाऱ्याला रोख देणाऱ्यापेक्षा जास्त धोका असतो, कारण रोख दिलं तर गेलं किती ते आज कळतं.

मग ह्यांनी ते नेहमीचं काढलं, परदेशात बघा, अठरा झाले की मुलं बाहेर, आईबाप एक पैसा देत नाहीत. यावर बाईंनी एक माहितीपत्रक पुढे सरकवलं, मला ते फार आवडलं. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटर या सर्वेक्षण करणाऱ्या संस्थेचा २०२४ चा अहवाल, १८ ते ३४ वयाची मुलं असलेल्या पालकांपैकी ५९ टक्क्यांनी मागच्या वर्षभरात मुलांना पैशाची मदत केलेली, आणि त्या वयाच्या मुलांपैकी आपण पैशाच्या बाबतीत पूर्ण स्वतंत्र आहोत असं म्हणणारी फक्त ४५ टक्के. मदत कशाला, तर घरखर्च, फोनचं बिल, भाडं. म्हणजे तिथे पण फॅमिली पॅक आहेच! आणि मदत करणाऱ्यांपैकी तिघांतला साधारण एक पालक म्हणतो की त्यामुळे स्वतःची ओढाताण झाली. युरोपात युरोस्टॅटच्या, म्हणजे युरोपियन युनियनच्या आकडेवारी संस्थेच्या, २०२२ च्या आकड्यांत मुलं सरासरी २६.४ व्या वर्षी घर सोडतात, फिनलंडमध्ये एकविशीत आणि क्रोएशियात ३३ उलटून गेल्यावर. इटलीत तर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की तिशी उलटलेल्या, पार्टटाइम संगीत शिकवणाऱ्या मुलाने आता आईवडिलांकडून पोटगी मागू नये, मनासारखं काम मिळत नाही म्हणून कायम पोसलं जाण्याचा हक्क नाही. उलट जर्मनीत मुलाचं पहिलं व्यावसायिक शिक्षण पूर्ण होईपर्यंतचा खर्च कायद्यानेच पालकांवर आहे, मूल सज्ञान झालं असलं तरी. त्यामुळे अठराचा आकडा आमच्या घरात परत निघणार नाही, एवढ्यासाठी सुद्धा मी अर्धा स्टार जास्त दिला असता.

दुसऱ्या सेशनला मुलगा पण. तो तोंड पाडूनच आला होता, त्याला वाटलं त्याची झाडाझडती घ्यायला बोलावलंय. पण बाईंनी त्याला काही विचारायच्या आधी आमचं रिटायरमेंटचं गणित त्याच्यासमोर ठेवलं, आमच्या परवानगीने, आणि तो बराच वेळ ते वाचत बसला. मग म्हणाला, "बाबा, मला वाटायचं तुमच्याकडे भरपूर आहेत. तुम्ही कधी नाही म्हणालाच नाहीत." ह्यांनी उत्तर दिलं, "तू कधी विचारलंस?" आणि दोघंही बरोबर होते. आपण मुलांना आपली जमा कधी सांगत नाही, का तर टेन्शन नको, नाहीतर हाव सुटायला नको, आणि मग ती अंदाज लावतात, आणि तो अंदाज नेहमी वरचाच असतो. या सेशनमध्ये पाऊण वेळ मुलगाच बोलला, त्याच्या पगारातले किती भाड्याला जातात, सुरुवातीचे पगार कसे आहेत आणि घरांच्या किमती कशा, आणि ते ऐकताना मला पण कळलं की "आमच्या वेळी आम्ही केलंच ना" हे वाक्य कुठे चालतं आणि कुठे नाही. तो उधळ्या नाही. पण महिनाअखेरीला आईला मेसेज टाकला की येतात, ही सवय त्याला होती, आणि ती सवय त्याने एकट्याने लावून घेतली नव्हती.

ठरलं ते असं. घरभाड्याची मदत एकदम बंद नाही, दर सहा महिन्यांनी पाव हिस्सा कमी, म्हणजे दोन वर्षांत शून्य, तारखा लिहून. हेल्थ इन्शुरन्सचा हप्ता आम्हीच भरत राहायचा, कारण तो आजारी पडला आणि विमा नसला तर खर्च शेवटी आमच्यावरच येणार. मोबाइल, ओटीटी त्याचं त्याने. क्रेडिट कार्डाचं बिल कधीच नाही, एकदाही नाही. नोकरी गेली तर तो वेगळा विषय, त्यासाठी एक ठराविक रक्कम आमच्याकडे बाजूला, पण ती मिळणार फक्त नोकरी गेली तर. डाउन पेमेंटला मूळ रकमेच्या साधारण एक तृतीयांश, भेट म्हणून, लिहून, आणि मुलीच्या मास्टर्सपैकी तेवढीच रक्कम भेट म्हणून लिहिलेली, त्याच्या वरचे पैसे तिच्या आगाऊ हिश्श्यात. बाकीच्यासाठी त्याने घर दोन वर्षं पुढे ढकललं. खूश नव्हता. पण चिडलेला पण नव्हता, आणि यातलं निम्मं त्यानेच सुचवलं हे खरं.

आता कुठे स्टार कापले ते. एक म्हणजे रिपोर्ट. सेशनमध्ये बाई इतकं नीट बोलल्या आणि आठवड्याने आलेला रिपोर्ट सगळा साच्यातला, अर्धी पानं रंगीत गोल आणि बाण, आणि एका पानावर चक्क दुसऱ्याच कुठल्यातरी कुटुंबाचं आडनाव राहिलेलं. आता आम्ही आमचा पैसा न पैसा यांना सांगितलाय, आमचं आडनाव कोणाच्या रिपोर्टात गेलंय? मेल केला, सॉरी आलं, दुरुस्त पान आलं, पण हे कसं झालं त्याचं उत्तर नाही. याच्यासाठी एक पूर्ण स्टार गेला आणि तो जायलाच हवा.

दुसरं, विकत काही नाही म्हणणाऱ्यांनी शेवटच्या दहा मिनिटांत "आमचे एक पार्टनर आहेत, टर्म प्लॅनसाठी" सुरू केलं, म्हणजे आयुर्विम्याची पॉलिसीच. सभ्यपणे केलं, पण केलं. तुम्ही अशी कुठलीही सर्व्हिस घेणार असाल तर आधी लेखी विचारा की तुम्हाला कोणाकडून कमिशन मिळतं का, रेफरलचं, म्हणजे गिऱ्हाईक पाठवल्याचं सुद्धा, कारण फी घेणारा आणि कमिशन घेणारा यात फरक असतो आणि दोन्ही घेणारे पण असतात.

तिसरं, आजारी किंवा अपंग मूल असेल, मानसिक आजार असेल, घटस्फोट होऊन मुलगी लहान बाळ घेऊन परत आली असेल, तर यांच्याकडे त्यासाठी काही नाही. त्यांच्या साच्यात मदत ही कमी कमी करत शून्यावर न्यायचीच गोष्ट आहे. माझ्या एका मैत्रिणीचा मुलगा तिशीत आहे आणि त्याला कायम आधार लागणार आहे, तिला मी हा कागद दाखवला तर ती म्हणाली की यात माझ्या मुलासाठी रकानाच नाही. खरं आहे. तिला आमच्यामागे याचं काय होणार, पैसे कोण सांभाळणार, ट्रस्ट करायचा का, हे सांगणारा माणूस हवाय आणि तो वकील आणि प्लॅनर दोन्ही जाणणारा हवा. फॉर्ममध्ये याबद्दल एक प्रश्न टाकून अशा लोकांना फी घ्यायच्या आधीच दुसरीकडे पाठवलं असतं तर बरं झालं असतं.

आणि ऍप! पॅकेजबरोबर एक ऍप मिळतं ज्यात मुलाला दिलेल्या रकमा टाकायच्या आणि ठरल्यापेक्षा जास्त गेले की तिघांच्या फोनवर लाल सूचना येते. ही कल्पना कोणाला सुचली देव जाणे. मुलाच्या वाढदिवसाला ह्यांनी थोडे पैसे पाठवले तर तिघांचे फोन वाजले. काढून टाकलं. एका साध्या वहीत लिहितो आता, महिन्यातून एकदा.

बाईंच्या तिथे भिंतीवर वॉरन बफे या अमेरिकन अब्जाधीश गुंतवणूकदाराचं ते प्रसिद्ध वाक्य पण फ्रेम करून लावलंय, मुलांना एवढं द्या की त्यांना काहीही करता येईल, पण एवढं नको की काहीच करावं लागणार नाही, त्या अर्थाचं. छान आहे, पण ज्याच्याकडे देऊन उरणार आहे त्याचं वाक्य आहे ते. आमच्यासारख्यांना पहिला प्रश्न उरतं का हाच असतो.

फीचं म्हणाल तर दोन सेशन आणि रिपोर्ट मिळून, मुलावर आमचे महिन्याला जेवढे खर्च होत होते त्यापेक्षा थोडी कमीच झाली, त्यामुळे वसूल झाली असं मी म्हणेन. वार्षिक रिव्ह्यूचं पॅकेज मात्र घेऊ नका, त्यात तेच आकडे परत भरायचे असतात आणि ते आपले आपण भरता येतात. ज्यांच्या घरात नवराबायकोचं या विषयावर एकमत आहे आणि मुलांशी पैशाबद्दल मोकळं बोलणं होतं त्यांना ही सर्व्हिस लागणार नाही, तो तीन रकान्यांचा कागद घरी आखा, झालं. ज्यांच्या घरात विषय काढला की कोणीतरी उठून जातं, त्यांना तिसरा माणूस समोर बसलेला असण्याचेच पैसे आहेत असं समजा, आणि ते जास्त नाहीत. मात्र मुलाला पहिल्या सेशनला नेऊ नका, ते आग्रह करतील तरी. आधी दोघांचं एकमत होऊ द्या, आम्हाला त्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागला.